पातळ झोपेचा डॉक्टर

आमच्या भूलवाल्या डॉक्टरने जितकी माणसं झोपवली, तितकी वऱ्हाडातल्या सगळ्या आयांनी मिळून थोपटून झोपवली नसतील. अकोला, अकोट, परतवाडा, अमरावती, जिथे कुठे माणूस टेबलावर आडवा करून चिरायचा असेल तिथून याला बोलावणं येई. स्वतःचा दवाखाना नव्हता. एक काळी बॅग, एक पांढरी गाडी आणि ती चालवायला मी. बावीस वर्षं चालवली. मी चौथी शिकलेला माणूस, लिहायची सवय नाही, पण मागच्या महिन्यात त्याला भेटून आलो तेव्हापासून डोक्यात तोच आहे. भेटायला गेलो ते एक गोष्ट विचारायला. दिवाळीनंतर माझी बायको गेली. शेवटचे तीन दिवस तिला अमरावतीच्या दवाखान्यात घशात नळी घालून, गुंगीचं औषध देऊन निजवून ठेवलं होतं, आणि तशा निजलेल्या बाईला मी रागावून बोललो. ते तिला ऐकू गेलं का, एवढंच विचारायचं होतं. हे सांगू शकेल असा माणूस माझ्या ओळखीत एकच.

या माणसाला नमस्कार-चमत्कार काही येत नसे. कोणी भेटला की पहिला प्रश्न, "काय खाल्लं, अन् किती वाजता?" एका लग्नात नवरदेवाच्या बापाने याला हात जोडले, तर यानं तेच विचारलं. तो बिचारा म्हणाला, "आत्ताच दोन जिलब्या." डॉक्टरचं तोंड उतरलं. "मंग सहा घंटे भूल देता येत नाही," म्हणाला आणि पंगतीला जाऊन बसला. माणसाकडे पाहायची त्याची नजरही वेगळी. आपण चेहरा पाहतो, हा गळा पाहायचा. माझ्या पुतण्यासाठी अचलपूरला मुलगी पाहायला गेलो, तेव्हा गाडी त्याची म्हणून तोही आला. मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन आली. तिला नाव विचारायच्या आधीच हा म्हणाला, "बेटा, तोंड उघड. मोठ्ठं. आता मान मांगं कर." पोरीने केलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "महादेवभाऊ, बिनधास्त करा. श्वासाची नळी पहिल्या बारीतच जाईन." लग्न जमलं. मुलीकडच्यांना वाटलं, अकोल्याकडे आता अशीच पद्धत निघाली असेल.

लोकांना झोपवणारा हा स्वतः मात्र गाडीच्या मागच्या सीटवरच झोपे, तेही अकोटच्या रस्त्यावर. त्या खड्ड्यांशिवाय त्याचा डोळा लागत नसे. एकदा मधला थोडा रस्ता नवा झाला, गाडी गुळगुळीत चालली, तर हा दचकून उठला. "काय झालं भाऊ, गाडी बंद पडली का?"

खोटं बोलायचा त्याला भारी कंटाळा. बाकीचे डॉक्टर सुई टोचताना सांगतात, मुंगी चावल्यासारखं वाटेल. हा सांगे, "दुखते. दहा आकडे मोजतो, तवरक दुखते." आणि खरंच मोजे. एका म्हातारीने त्याला सांगितलं होतं, "बाबू, तू सातवरच थांब, मले तेवढंच सोसते." तर तिला समजावत बसला की औषधाला आकडे कळत नाहीत, त्याला सातवर थांबता येत नाही. पण खोटं बोलला नाही.

बाळंतपणाच्या ऑपरेशनला बहुतेक बायांना पाठीत इंजेक्शन देतात, बाई जागीच राहते. पण कोणाला ते चालत नसे, मग पूर्ण झोपवावं लागे. त्या दिवशी हा माणूस वेगळा होई. गाडीत बोलत नसे, आणि बोललाच तर मला शिकवत असे, जसा काही उद्यापासून मीच भूल देणार. "आईले जे देतो ना भाऊ, थे नाळेतून बाळाले जाते. झोपेचं औषध चालते, थे लवकर उतरते. पण वरून गुंगीचं घट्ट औषध देलं, तर थे लेकरू बाहेर येऊन श्वास घ्याले आळस करते. म्हून पहिले पातळ वरण. बाळ रडलं, नाळ कापली, की मंग घट्ट." गुंगीचं इंजेक्शन तो आधीच भरून ठेवी, पण बाळाचा आवाज आल्याशिवाय त्याला हात लावत नसे. परतवाड्याचा एक नवा पोरगेला डॉक्टर एकदा म्हणाला, "सर, आता थोडं अगोदर दिलं तरी चालतं म्हणतात." हा म्हणाला, "तू देत जा. मी म्हातारा झाल्यावर चुकाले सुरुवात करीन."

पण झोप पातळ म्हणजे कान उघडे, असं त्याचं म्हणणं. म्हणून बाळ होईपर्यंत आत कोणी बोलायचं नाही, हा त्याचा कायदा. परतवाड्याच्याच एका मोठ्या डॉक्टरने तो मोडला. पोट उघडताना तो नर्सला सांगत बसला की सासू आली आहे आणि दिवाळीपर्यंत हलायचं नाव नाही. आमच्या डॉक्टरने दोनदा डोळे वटारले. तिसऱ्या दिवशी टाके पाहायला हा मोठा डॉक्टर गेला, तर ती बाळंतीण पदर सावरून विचारते, "डॉक्टरसाहेब, सासूबाई गेल्या का मंग?" तिला दुखलं काही नव्हतं, एवढंच ऐकू आलं होतं. त्या दिवसापासून परतवाड्याला त्या खोलीत कोणी खोकलं तरी माफी मागे. आमचा डॉक्टर मात्र एकटा बोले. झोपलेल्या बाईच्या कानाशी वाकून, हळू. काय बोले ते बाहेर कोणाला माहीत नव्हतं.

ते आम्हाला आमच्या लेकीनं सांगितलं. बाळंतपणाच्या वेळी तिच्या रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी झाल्या होत्या, पाठीत सुई चालत नव्हती. अकोटच्या दवाखान्यात दुपारी तिला आत नेलं. माझी बायको दारात याच्या आडवी उभी राहिली. "डॉक्टर, माह्या पोरीले गच्च झोपवा. तिले काहीच समजू नोको."

"वहिनी, पहिले लेकराले रडू द्या. मंग गच्च."

"तुमचं काय जाते दोन थेंब जास्त देल्यानं?"

"माहं काही जात नाही. जाईन तर तुमच्या नातवाचं."

बायको बाजूला झाली, पण म्हणाली, "इतकी वर्षं गाडी चालवली अन् माणूस कसा हाये हे तुम्हाले समजलं नाही." हे मला. लेकराचं रडणं ऐकू आलं तशी ती खालीच बसली. नात झाली. चार दिवसांनी लेक म्हणाली, झोपेत कोणीतरी सांगत होतं, "मी इथं हावो. पोरगी झाली. आता तू नीज." बायकोने त्याच्या घरी दोन किलो तुरीची डाळ पाठवली. त्याला मात्र काही बोलली नाही.

आता त्याचे हात थरथरतात, म्हणून काम सोडलं. अकोल्याच्या घरी खुर्चीत बसलेला होता. मी बायकोच्या दवाखान्याचा कागद पुढे केला आणि माझं बोलणं तिला ऐकू गेलं का, ते विचारलं. त्यानं औषधाचं नाव वाचलं, किती दिलं ते वाचलं, चष्मा काढून परत वाचलं.

"भरपूर देलं होतं. ऐकलं नसन."

"नक्की?"

"नक्की कसं सांगू भाऊ. कोणाच्या कानात जाऊन पाह्यलं नाही मी. काय बोलले तुम्ही?"

मी सांगितलं. खाली मान घालूनच सांगितलं. "म्हटलं, उठ व आता. काहून लोळून राहिली अशी. घरी गाय शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून आलो मी."

त्यानं कागदाची घडी करून मला परत दिली. मग म्हणाला, "घरी असेच बोलत होते तिच्याशी?"

"चव्वेचाळीस वर्षं."

"मंग ऐकलं असन तर बरंच झालं. तुम्ही गोड बोलले असते तर घाबरली असती थे. म्हटली असती, मी मरून राहिली वाटते."

मला हसू आलं, आणि मग हसू राहिलं नाही. त्यानं पाणी दिलं. पाणी सांडलं थोडं, त्याच्याच हातून. मी नको म्हणत असताना तो उठला, चपला घातल्या आणि स्टँडपर्यंत आला. आयुष्यभर तो मागे बसला नि मी पुढे, त्या दिवशी तो पुढे चालत होता. माझी अकोटची एसटी लागलीच होती. मी खिडकीशी बसलो, तो खाली उभा. गाडी सुरू झाल्यावर त्यानं वर पाहून काहीतरी सांगितलं. इंजिनाच्या आवाजात मला एक शब्द कळला नाही. मी मान हलवली.