सांगून झाल्यावर बस

एमबीएला मी एच.आर. घेतलं तेव्हा गावात कुणालाच त्याचा अर्थ सांगता येत नव्हता. मलाही नीटसा नाही. आईने आपल्या परीने अर्थ काढला आणि शेजारीपाजारी सांगून टाकला, "माणसं कामावर ठेवते अन् काढते, ते शिकून राहिली." आता नागपुरात एका कंपनीत मी तेच काम करते, तेव्हा आई अगदीच चुकली नव्हती. पण त्या वर्षी मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या, तोंडावर तिचा हा अर्थ माझ्या चांगलाच अंगाशी आला.

आमचं गाव बिरसीच्या विमानतळाजवळ. दिवाळीनंतर गावात मंडई भरते, लेकी माहेरी येतात आणि रात्री गावच्या मंडळाचं नाटक होतं. बायकांच्या भूमिकांना वडसाच्या नाटक कंपन्यांतून नट्या येतात, बाकी सगळे गावचेच. नाटक दरवर्षी वेगळं असलं तरी त्यातला राजा किंवा जमीनदार, म्हणजे जो सगळ्यांत मोठ्याने बोलतो तो, काकाजींचाच असायचा. काकाजी हे बाबांचे चुलत भाऊ, घर आमच्या घराला पाठ लावून. वर्षभर धान पिकवायचं आणि एक रात्र राज्य करायचं, असा त्यांचा खाक्या. लहानपणी मला वाटायचं, ते खरेच राजे आहेत आणि बाकीचे दिवस वेश पालटून शेतात जातात.

आदल्या मंडईला मात्र ते वाक्यं विसरले. नुसते विसरले असते तर कुणी सांभाळूनही घेतलं असतं, पण ते सरळ मागच्या प्रवेशात शिरले. ज्याला नुकतंच तलवारीने मारलं होतं, त्या बिचाऱ्याला उठून पुन्हा मरावं लागलं. लोक पोट धरून हसले. मीही हसले. पडदा पडल्यावर काकाजी तडक घरी गेले, तेव्हा हसू विरलं.

म्हणून त्या वर्षी मंडळाने त्यांना भूमिका द्यायची नाही असं ठरवलं. ठरवायला काय जातं? मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, इथे सगळी मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. शेवटी मंडळाचे अध्यक्ष आमच्या अंगणात आले. मला म्हणाले, "तू हेच शिकून राहिली ना कालेजात? मंग तूच सांग."

मला असा संताप आला! एवढी मिशीवाली माणसं, आणि निरोप सांगायला माझी आठवण. पण संतापाच्या खाली भीती होती. घरच्या माणसाला तोंडावर नाही म्हणता येत नसेल, तर हे शिक्षण घेऊन मी करणार काय? आणि म्हटलंच, तर काकाजी मला पुन्हा पहिल्यासारखं हाक मारतील का? मी हो म्हणून बसले.

सरांनी वर्गात पद्धत शिकवली होती. आधी कौतुक, मध्ये नकार, शेवटी पुन्हा कौतुक. मी आरशासमोर उभी राहून ती घोटली आणि दुपारी त्यांच्याकडे गेले. काकाजी बाजेवर बसून दोरी वळत होते. मी त्यांच्या आवाजापासून सुरुवात केली, जुन्या नाटकांवर आले, गावाचं नाव कसं झालं तिथवर पोहोचले. डोक्यावर शिकाऊ वैमानिकाचं विमान घरघरत होतं. आमच्याकडे ते रोजचंच. धावपट्टीला टेकायचं आणि लगेच पुन्हा उडायचं. मीही नकाराशी येत होते आणि पुन्हा कौतुकाकडे वळत होते.

काकाजींनी दोरी खाली ठेवली. "काऊन वो बाई, त्या विमानावानी फिरून राहिली? उतर ना एकदाची."

"काकाजी, औंदा नाटकात तुमाले भूमिका नाई," मी म्हटलं.

म्हटलं आणि उठलेच. चपला पायात सरकवल्या होत्या तेवढ्यात मागून आवाज आला, राजाचाच.

"बस. सांगून झाल्यावर बस. मंडळातल्या एकाचीबी हिंमत नाई झाली, तू आली. आता पळून कायले राहिली?"

मी बसले. काकूने चहा आणून ठेवला. काकाजींनी दोरी पुन्हा वळायला घेतली. 'पुढच्या वर्षी पाहू' असं गोड खोटं माझ्या जिभेवर येत होतं, ते मी गिळत होते. चहावर साय आली. मग अचानक ते आदल्या वर्षीच्या राजाचं भाषण म्हणू लागले. बसल्या जागी, हळू आवाजात. मध्येच थांबले, मागे गेले, फिरून तिथेच येऊन थांबले. तालमी ऐकून ऐकून पुढचं वाक्य मला पाठ होतं. मी ते पुरवलं नाही.

"कुठी अडकलो?" त्यांनी विचारलं.

मी जागा सांगितली. दर वेळी तिथेच अडकता, हेही सांगितलं.

"हाव," ते म्हणाले. डोळे पुसले, पण लपवले नाहीत. "मले ठाऊक होतं. कोनी सांगन म्हनून वाट पाहून राहिलो होतो."

मंडईच्या रात्री ते येतात की नाही, याचा माझ्या जिवाला घोर लागला होता. ते आले, पुढेच बसले, आणि नव्या राजाला पहिली टाळी त्यांनी दिली.

पुढे काही महिन्यांनी कॉलेजात नोकरीसाठी माझी पहिली मुलाखत झाली. मी जिवापाड तयारी केली होती. संध्याकाळी निवडलेल्यांची नावं वाचली, त्यात माझं नव्हतं. वाचणारे साहेब बॅग उचलून गेले. मला नाही असं कुणी म्हटलंसुद्धा नाही. बसने घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. आई म्हणाली, जाऊ दे. बाबा म्हणाले, दुसरी मिळन. खरं होतं, पण मला ते ऐकवत नव्हतं.

तेवढ्यात काकाजी आले. उंबऱ्याशी बसले. त्यांनी ना धीर दिला, ना उपदेश केला. आईने दिलेला चहा सावकाश संपवला. मी उठून त्यांच्यासमोर येऊन बसेपर्यंत ते तसेच बसून राहिले.

मग म्हणाले, "म्हन बाई. त्यायन काय काय विचारलं? कुठी अडकली?"

मी एकेक प्रश्न सांगत गेले. जिथे अडकले होते तिथे आल्यावर मला रडू फुटलं. काकाजी उठले नाहीत.