नखावर रंग धरेना

इस्लामपुरात ऊस वाहायच्या ट्रॉल्या रंगवण्यात माझी हयात गेली. शाळा चौथीपर्यंत, तीही निम्मी मास्तरांच्या म्हशींमागं. पण रंग कशावर धरतो आणि कशावर धरत नाही, हे मला कुणी शिकवायला येऊ नये. म्हणून आमच्याच घरच्या पुढल्या खोलीत रंग धरेना, तेव्हा ते माझ्या जिव्हारी लागलं. रंग नखावरचा होता, तरी रंग तो रंगच.

ही हकिकत नव्वद सालानंतरची दहा वर्षं सरत आली तेव्हाची. माझा मुलगा फौजेत. तेव्हा तो सरहद्दीकडं होता, तिकडं बायको न्यायची परवानगी नव्हती, म्हणून सून आमच्याजवळ. लग्नाआधी सांगलीत राहून तिनं ब्यूटी पार्लरचा कोर्स केलेला. एक दिवस मला म्हणाली, "मामा, पुढची खोली द्या. पार्लर काढते." त्याच खोलीवर आमच्या कारभारणीचा डोळा होता. तिला तिथं पिठाची गिरणी घालायची होती, गिरणीवाल्याशी बोलणंसुद्धा झालं होतं. मी खोली सुनेला दिली. का दिली? मागितली सरळ, डोळ्याला डोळा देऊन मागितली, म्हणून दिली.

कारभारीण चुलीपुढनंच बोलली. "द्या की. पर तुळशीचं लगीन झालं की लगीनसराई लागंल. त्यात एका नवरीचं काम तिनं घ्यायचं आन् निभवायचं. निभलं तर खोली तिची. न्हाई निभलं तर गिरणी. मग मदी पडायचं न्हाई तुमी."

"न्हाई पडत," मी म्हणालो. सुनेनंही मान हलवली. तिघांत ठरलं ते ठरलं.

सुनेचा भाऊ बोटीवर कामाला. तो सुट्टीवर आला तो बहिणीला एक खोकं घेऊन. खोक्यात पावाएवढा दिवा, आत निळ्या उजेडाच्या चार नळ्या, आणि रंगाच्या बाटल्या. हा रंग वाऱ्यानं वाळत नाही म्हणे. नखावर लावायचा, हात दिव्यात धरायचा, की दगडासारखा घट्ट. धुणंभांडी करा, हलत नाही. असला दिवा तेव्हा इस्लामपुरातच काय, मला वाटतं सांगलीतसुद्धा कुणाकडं नव्हता. ह्या दिव्याच्याच जोरावर सुनेला नवरी मिळाली. तिच्या कोर्समधल्या मैत्रिणीची धाकटी बहीण, राहायला सांगलीत. तिनं दिव्याचं ऐकलं आणि हट्टच धरला की नखं अशीच पाहिजेत.

कामाआधी सुनेनं गल्लीतल्या बायकांच्या नखांवर हात बसवायला घेतला, आणि रंग धरेना. वरनं चकचकीत दिसायचा, बोट लावलं की गुळाच्या पाकासारखा चिकटायचा. रात्री भाकरी थापायला बसलेल्या बायकांच्या पिठात तो निघाला. दुधावरची साय निघावी तसा सबंधच्या सबंध. दुसऱ्या दिवशी एक जण दारातनंच ओरडली, "अगं ए, तुझी नखं माझ्या दादल्यानं खाल्ली की गं भाकरीतनं!" गल्ली हसली. कारभारीण हसली नाही, पण संध्याकाळी ती गिरणीवाल्याच्या घराकडनं चक्कर मारून आली. मला दिसलं.

सून खोलीत बाटल्या पुढ्यात घेऊन बसली होती. मी म्हणालो, "आण तो रंग. माझ्या नखांवर लाव."

"मामा, तुमच्या?"

"का? मला नखं न्हाईत?"

तिनं लावला. मला तो फारच पातळ वाटला. ट्रॉलीला असला हात मारला असता तर मालकानं मला हाकललं असतं. मी ब्रश घेतला आणि अंगठ्यावर स्वतः जाड थर दिला, भरपूर. मग दिव्याला मी मानत नव्हतो, म्हणून अंगणात उन्हात जाऊन बसलो. रंग उन्हात वाळतो एवढं मला ठाऊक होतं. बसलो बराच वेळ, शेजारचा कुत्रा येऊन वास घेऊन गेला.

आणि गंमत बघा, बोटांवरचा रंग धरला! सुनेनं पातळ लावलेला तो. टोचून बघितलं, हलेना. अंगठ्यावरचा माझा मात्र वरनं सुरकुतला आणि आतनं चिखल. सून म्हणाली, "बघा मामा, जाड दिलं की उजेड आत जात नाही. पातळच द्यायचं, दोनदा द्यायचं." मला ते पटायला वेळ लागला, पण अंगठा माझ्या डोळ्यांपुढं होता. तिनं तो खरवडून पुन्हा पातळ थर दिले, तेही उन्हातच धरले. म्हणजे रंगात खोट नव्हती. उन्हात धरतो, दिव्यात धरत नाही, म्हणजे खोट दिव्यात.

ती लाल नखं घेऊन मी बाजारात गेलो. जायचं तर होतंच, थिनर संपलं होतं. चहाच्या गाड्यावर आमच्या वयाची मंडळी बसलेली.

"काय नाना, ह्या वयात लगीन काढलंय व्हय?"

"काढलंय. तुझ्या हातची मेंदी राहिली हाय, ये घराकडं."

"आरं बघा रं, कपबशी धरताना करंगळी कशी वर हाय!"

"करंगळी वर हाय कारण ती ओली न्हाई. तुमच्या बायकांना इचारा, कुणाची धरली अशी?" मी हात त्यांच्या नाकापुढं धरला. एकानं नखानं खरवडून बघितलं, निघेना. मग चेष्टा बंद झाली आणि तो हळूच म्हणाला, "कितीला करती सूनबाई?" मी सांगितलं, पार्लरात बायकांनाच प्रवेश हाय.

दिव्याचं कोडं माझ्या शेडमध्ये सुटलं. माझा रंग उडवायचा कॉम्प्रेसर संध्याकाळ झाली की रडायला लागायचा. रानातल्या विहिरींवरच्या मोटरी सुरू झाल्या की आमच्या सगळ्या गल्लीतले दिवे मलूल व्हायचे. त्यात मला इतक्या वर्षांत नवल वाटेनासं झालं होतं. आणि सुनेकडं बायका कधी यायच्या? संध्याकाळी, कामं उरकून. मी ब्रश तसाच टाकून घरी आलो. सुनेला म्हणालो, "उद्या सकाळी लाव एकीला."

सकाळी लावला. चार बोटं धरली.

घरात टीव्हीला जोडलेला स्टॅबिलायझर होता, वीज कमीजास्त झाली तरी सारखी ठेवणारा लोखंडी डबा. मी तो काढला आणि दिव्याला जोडला. त्या दिवशी संध्याकाळी मोटरी सुरू असतानाही चार बोटं धरली. फक्त कारभारणीच्या मालिकेतली माणसं त्या संध्याकाळपासनं आडवी बारीक व्हायला लागली. तिनं मला एकच विचारलं, "आवं, माझा डबा कुठाय?" मी म्हणालो, "कामावर गेलाय." ती भांडं आपटून आत गेली.

चार बोटं धरत होती आणि अंगठा चिकट तो चिकटच. ह्यावर मी पुष्कळ डोकं फोडलं. ते सुनेनंच सोडवलं. दिव्यात हात घातला की अंगठा आडवा पडतो, त्याचं नख भिंतीकडं तोंड करतं, उजेड पाठीवर. तिनं चार बोटं वेगळी आणि दोन्ही अंगठे मिळून वेगळे धरायला सुरुवात केली. झालं. आता रंग असा धरायला लागला की बायका काढायला आल्या तरी घासून काढावा लागायचा. मला वाटलं, आपण जिंकलो. गिरणीवाला गेला बाराच्या भावात.

लग्नाच्या दिवशी सुनेबरोबर मी सांगलीला गेलो. तिच्या हातात मेकपची पेटी, माझ्या हातात बाजाराच्या पिशवीत दिवा आणि स्टॅबिलायझर. अक्षता दुपारच्या होत्या. मी मांडवात पुरुषांत बसलो, पुढ्यात पोह्यांची बशी. थोड्या वेळानं सून दारात आली. तिचा चेहरा बघून मी बशी खाली ठेवली.

"मामा, जरा आत या. सुटतोय."

नवरीच्या खोलीत पुरुषानं जायचं नसतं, हे मला कळतं. मी उंबऱ्यावर बसलो. नवरीनं हात पुढं केले. नखांवर रंग होता, आणि कडेनं उचलून आलेला. सुनेनं बोटानं ढकलला तर सगळा सरकला. दोनदा करून झालं होतं. नवरीच्या डोळ्यांत पाणी, काजळ जायच्या बेतात.

मी हात निरखले. कोपरापर्यंत पिवळे. नखाच्या कडेला, मुळाशी, पिवळी रेघ.

"हळद कशात कालवली होती?" मी विचारलं.

कोपऱ्यातनं उत्तर आलं. नवरीची आत्या, मोठं कपाळ, मोठं कुंकू, लग्नघराची सगळी सूत्रं तिच्याकडं. "कशात म्हणजे? तेलात. घाण्याच्या. काल सगळ्या सवाष्णींनी लावली, नखाशिखांत."

मला सगळं कळलं. कारखान्यावरनं आलेल्या ट्रॉलीवर ग्रीस असतं. त्यावर सोन्याचा रंग मारा, पापुद्रा निघणारच. आधी तेल काढायचं, मग पत्रा किंचित घासायचा, मग रंग. मी सुनेला म्हणालो, "स्पिरिट हाय ना तुझ्याकडं? नखं पूस. मग कानशीनं हलकं घास. मग लाव."

सून हळू आवाजात म्हणाली, "तेच मी म्हटलं. ह्या पुसू देत नाहीत."

"नाहीच देणार," आत्या म्हणाली. "हळद लागलेल्या पोरीला अक्षता पडेपर्यंत पुसायचं नाही. आमच्यात नाही चालत. तुमच्या रंगापायी अपशकुन करू?"

"आवं, कातडीला कोण हात लावतंय? नुसती नखं."

"नख काय अंगाबाहेर असतं?"

बाई मुद्द्याचं बोलली होती. बाहेर वाजंत्री सुरू झालेली. सून माझ्याकडं बघत होती, आणि मला आमच्या पुढल्या खोलीत गिरणीचा पट्टा फिरताना दिसत होता. मी उंबऱ्यावरच मांडी ठोकून बसलो.

"आत्याबाई, हळदीच्या आधी पोरीची नखं कापली का न्हाई?"

"कापली. मीच कापली."

"कुठं टाकलीसा?"

"उकिरड्यावर. आणखी कुठं?"

"मग अंग होतं तर उकिरड्यावर कसं टाकलं?"

खोलीतल्या पोरी खुदकन हसल्या. आत्यानं त्यांच्यावर डोळे वटारले. मग ती माझ्याकडं वळली, आणि तेव्हा तिला माझी नखं दिसली. लाल. मी लपवली नाहीत.

"हे काय हो?"

"हीच ती. कवाची लावलीत. थिनरात हात असतो माझा रोज. बघा खरवडून."

उंबऱ्याच्या आतनं तिनं माझा अंगठा खरंच खरवडून बघितला. दोनदा बघितला. नंतर नवरीकडं बघितलं, काजळाकडं बघितलं.

"कापूस मी धरणार," ती म्हणाली. "हळदीचा कापूस इकडं तिकडं टाकायचा नाही. माझ्या वाटीत द्यायचा, तो तुळशीत जाईल. आणि रंग झाला की बोटांना हळद पुन्हा मी लावणार, नखाच्या खाली."

"लावा की. रंग धरल्यावर खुशाल लावा."

सुनेनं नखं पुसली. प्रत्येक नखाचा पिवळा कापूस आत्यानं वाटीत घेतला, मोजून घेतल्यासारखा. कानस फिरली, अगदी हलकी. पातळ थर, दिवा. पुन्हा पातळ थर, दिवा. मग अंगठे वेगळे. मी उंबऱ्यावर बसून स्टॅबिलायझरचा काटा बघत होतो, मला दुसरं काही काम नव्हतं म्हणून. बाहेरनं कुणीतरी ओरडलं, "नवरीला आणा, घटिका भरत आली!" आत्या आतनं ओरडली, "भरू दे! आणतेय!"

शेवटचा अंगठा बाहेर आला. आत्यानं नवरीची तर्जनी धरली आणि नख पितळेच्या तांब्यावर आपटलं. टण्ण वाजलं. तिनं नख उजेडाकडं धरून कड बघितली. कड जागची हलली नव्हती. मग तिनं हळदीची बोटं नवरीच्या हातांवर फिरवली आणि तिला घेऊन निघाली. उंबऱ्यावर मला ओलांडताना म्हणाली, "उठा आता. वाट अडवून बसलाय."

जेवण करून आम्ही एसटी धरली. घरी कारभारणीनं विचारलं, "निभलं?" सून म्हणाली, "निभलं." कारभारीण म्हणाली, "बघू की. लगीन झालं म्हणजे काम झालं न्हाई. नवरी सासरी गेल्यावर कळंल." हे बोलणंही चुकीचं नव्हतं. घरात वाट बघायची पाळी आली. मी रोज माझ्या अंगठ्याकडं बघायचो. नख वाढत होतं, रंग पुढं सरकत होता, सुटत नव्हता.

इस्लामपूरच्या बाजारच्या दिवशी आमच्या दारात एसटीतनं उतरलेल्या तिघी येऊन उभ्या राहिल्या. पुढं मोठ्या कुंकवाची आत्या, मागं दोन तरण्या पोरी.

"पार्लर हेच ना? नवरी मांडवपरतणीला माहेरी आली होती, सासरची भांडी घासून," ती कारभारणीला सांगत होती. "नख एक हललं नाही. ह्या दोघींची लग्नं ठरलीत. हळदीआधी येऊ का नंतर, तेवढं विचारायला आलेय."

"हळदीच्या आदी," मी शेडमधनं ओरडलो.

"तुम्हाला कुणी विचारलं?" आत्या म्हणाली. सून हसत बाहेर आली.

कारभारणीनं तिघींना चहा दिला. सुनेनं पोरींना खोलीत नेलं, तशी कारभारीण दारात उभी राहून बराच वेळ आत बघत होती. संध्याकाळी रानातल्या मोटरी सुरू झाल्या, घरातला बल्ब पिवळा पडला, आणि टीव्हीतली माणसं पुन्हा आडवी बारीक झाली. ती उठली, टीव्ही बंद केला आणि मला म्हणाली,

"आवं, उद्या लाइटच्या हापिसात जावा. त्या खोलीला येगळा मीटर घ्या, आन् तिला तिचा नवा स्टॅबिलायझर आणा." मग टीव्हीकडं बोट करून, "माझा डबा मला परत पायजे."