कुणी सांगायचं न्हाय

खडू धरलेली बोटं कपाळावर टेकवून आक्का म्हणायच्या, "कुणी सांगायचं न्हाय. येतंय." कुंकवाच्या वर पांढरा ठिपका उमटायचा आणि मधल्या सुट्टीपर्यंत तसाच राहायचा.

सीमाभागात, हिंडलग्याकडच्या एका शाळेत आक्का आणि मी शिकवायचो, कंग्राळीत शेजारी राहायचो. वयानं मी लहान, विसरण्यात थोर. चष्मा डोळ्यांवर ठेवून घरभर चष्मा शोधणारा. आक्कांना मात्र अख्ख्या वर्गाची हजेरी तोंडपाठ.

पन्नाशीच्या आसपास आक्कांचं काहीतरी बिनसलं. मराठी शब्द अडला की कानडी यायचा, कधी दोन्ही रुसायचे. एकदा हजेरी घेताना पहिल्या बाकावरच्या मुलीचंच नाव आठवेना. पोरं हसली.

व्हरांड्यात येऊन आक्का मला म्हणाल्या, "आमच्या आईचं असंच सुरू झालतं रं. शेवटी मलाच विचारायची, तू कुणाची गं? मी राजीनामा देते."

माझ्या बायकोनं त्यांना बळंच डॉक्टरीणबाईंकडं नेलं. सोबत मीही. बाई पाळीचं, झोपेचं विचारत होत्या, तेव्हा मी भिंतीवरच्या कॅलेंडरातले सगळे सण वाचून काढले.

तपासून बाई म्हणाल्या, "पाळी जाताना हार्मोन्स वरखाली होतात. अंग तापतं, झोप मोडते, शब्दही अडतात. तुमच्या आईसारखं काही दिसत नाही. बऱ्याच जणींचं पुढं सावरतं."

मला धीर आला. "पुरुषांचे हार्मोन्सपण वयानं कमी होतात न्हवं, डॉक्टर?"

"हार्मोनवर ढकलू नकोस रं," आक्का म्हणाल्या. "तू तरणा असल्यापास्नं असाच हाईस."

कित्येक महिन्यांनी त्या हसल्या होत्या. राजीनामा द्यायचा राहिला. दुसऱ्या दिवशी वर्गाला त्यांनी सरळ सांगितलं, "नाव घेताना मी अडले तर थांबायचं. कुणी सांगायचं न्हाय." पोरं थांबायला शिकली. हळूहळू थांबावं लागेनासं झालं, पण कपाळावर खडू टेकवायची सवय काही गेली नाही.

आता आक्का निवृत्त होऊन निपाणीला लेकीकडं असतात. शेजारच्या दाराला कुलूप आहे. त्यांच्या वर्गाची हजेरी मी घेतो, कागदात बघून, तरी चुकतो.

निरोपाच्या दिवशी त्या एकेकाचं नाव घेऊन बोलत होत्या आणि माझ्यापाशी येऊन अडल्या. बोटं कपाळाला गेली. पोरं थांबली. मी ओठ घट्ट मिटून बसलो.

मग त्यांनी हजेरीत घ्यावं तसं माझं नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "हजर."