काचेच्या बुडाचा डबा

मेश्रामबाई प्रवाळ शिकवायच्या त्या दिवशी आम्हा मुलींना हात धुऊन वर्गात यावं लागे. कॉलेजच्या कपाटात नारळाएवढं एकच प्रवाळ होतं आणि ते वर्गभर हातोहात फिरायचं. कुणी एका हाताने धरलं की बाई ओरडायच्या, "काहून वं, बटाटा आहे का तो? दोन्ही हातांनं धर. घर आहे ते कोणाचं!" दर उन्हाळ्यात त्या ते रिठ्याच्या पाण्यात घासून नागपूरच्या उन्हात वाळवत, त्यामुळे ते पांढरंशुभ्र दिसे. फळ्यावरही पांढऱ्या खडूनेच प्रवाळ काढायच्या. इवल्याशा जिवांनी बांधलेली ही वस्ती कशी माशांचं माहेर असते, हे सांगताना तास संपल्याची घंटाही त्यांना ऐकू यायची नाही.

एकच गोष्ट त्यांना सलायची. त्यांनी समुद्र पाहिलाच नव्हता! त्यांच्या घराने छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली, आणि तेव्हापासून डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काही मानायचं नाही हा बाईंचा खाक्या. "आन इथं मीच न पाहिलेलं तुमाले शिकवून राहिली," असं त्या भर वर्गात बोलून दाखवत. निवृत्ती तोंडावर आली तेव्हा मात्र त्या हट्टालाच पेटल्या. एकदा तरी जिवंत प्रवाळ पाहायचंच. आमची अभ्याससहल त्यांनी थेट रामेश्वरच्या अलीकडे, मंडपमला ठरवली.

पोहता येत नव्हतं, पाण्यात तोंड घालायची भीती. मग त्यांनी जरीपटका भागातल्या एका पत्रेवाल्याला गाठलं, तेलाच्या डब्याचं बूड कापून तिथे काच बसवून घेतली आणि कडा डांबराने सांधल्या. डबा पाण्यावर टेकवायचा आणि वरून आत डोकावायचं. फुटाळा तलावावर चाचणी झाली. बाई वाकून पाहतात तो काय, "दिसून राहिलं! दिसून राहिलं!" दिसत होता तो म्हशीचा खूर. पण दिसत होतं, हे खरं.

इकडे प्राचार्यांनी प्रवाळांसाठी नवंकोरं काचेचं कपाट करून ठेवलं होतं. "रिकाम्या हाताने येऊ नका," असं बजावलं होतं. तेव्हाच्या सहली तशाच असत. दिसेल ते तोडायचं आणि बरणीत भरायचं. आमच्या पिशवीतही छिन्नी-हातोडी होतीच.

मंडपमच्या किनाऱ्यावर प्रवाळांचे ढीग पडले होते. चुन्याच्या भट्टीसाठी काढलेले, असं नाववाल्याने खुणेने सांगितलं. बाई होडीत कशाबशा बसल्या. थोडं आत गेल्यावर त्यांनी डबा पाण्यावर टेकवला आणि लहान मुलीसारख्या टाळ्या पिटल्या. "आपलंच पोवळं वं! तसंच पांढरं!"

होडी पुढे सरकली. आता डब्यात सगळं तपकिरी, हिरवट, मोहरीच्या रंगाचं. एका गोळ्यावर बोटाएवढी फुलं डुलत होती. डब्याचा कोपरा तिथे टेकला आणि फुलं झटकन आत गेली. "घाबरले!" बाई किंचाळल्या. "जिते आहेत वं, जिते आहेत!" त्यांच्या डोळ्यांतून पाणी टपटप डब्यातच पडत होतं. आम्ही सगळ्या हसत होतो आणि आम्हालाही रडू येत होतं.

मग त्या एकदम सरळ बसल्या. मान वळवून मघाच्या पांढऱ्या भागाकडे पाहत राहिल्या. "म्हणजे तिकडं हाडं होती," त्या म्हणाल्या. "मी मढं पाहून टाळ्या वाजवल्या. इतकी वर्षं पोरींले हाडंच दाखवली."

मी विचारलं, "बाई, हातोडी काढू का?"

"ठेव ती पिशवीत!"

"आणि प्राचार्य?"

"त्याहिले मी पाहून घेईन."

आणि घेतलंच. नागपूरला परतल्यावर त्यांनी त्या नव्या कपाटात मधोमध तेलाचा डबा ठेवला. प्राचार्यांचा पारा चढला. "मेश्रामबाई, हे काय आहे?"

"सर, बाकीचं तिकडं जितं आहे. ज्याले पाहाचं असंल त्यानं डबा घेऊन जावं."

पुढे मी तिथेच शिकवायला लागले. फळ्यावर तपकिरी खडू वापरते, हे कळल्यावर बाईंनी मला घरी बोलावून वांग्याची भाजी आणि भाकर खाऊ घातली होती. शेवटच्या आजारपणात भेटायला गेले तर स्वतःच्या तब्येतीबद्दल अवाक्षर नाही. "डबा सांभाळ. पोरींले घेऊन जा. आन पांढरं दिसलं त माझ्यावाणी टाळ्या नोको वाजवू," एवढंच म्हणाल्या.

बाई गेल्या, त्यानंतरच्या हिवाळ्यात मी माझ्या विद्यार्थिनींना मंडपमला नेलं. किनाऱ्यावरचे ढीग पूर्वीपेक्षा वाढले होते. होडीत एका मुलीच्या हातात डबा दिला खरा, पण मला स्वतःला डोकावायचा धीर होईना. ती बराच वेळ वाकून होती. मग तिने हिरमुसलं तोंड वर केलं.

"मॅडम, इथं त पांढरं काहीच नाही. सगळं मातकटच आहे, आन हलून राहिलं."

मी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की होडी हेलकावली.