मूठभर बी आणि शेवटचा ग्रह

व्हिडिओ गेम खेळताना मोठी आई आधी हाक द्यायची. पडद्यावरचं यान ओसाड ग्रहावर उतरलं, त्यातली अंतराळवीर मुलगी एखाद्या पडक्या घराच्या दारापाशी पोचली, की मोठी आई कंट्रोलर मांडीवर ठेवून विचारायची, "कोनी हाये का घरात?" उत्तर यायचं नाही. तरी ती जराशी थांबायची आणि मगच दार उघडायची.

मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. मोठे बाबा गेल्यावर ती नाचणगावहून पिपरी मेघेला आमच्याकडे राहायला आली. येताना राखेत घोळलेलं तुरीचं बी मडक्यातून घेऊन आली, आमच्याकडे पेरायला चार कुंड्या असल्या तरी. गेम माझा, कॉलेजात असताना घेतलेला. नोकरी लागली, नवेनवे गेम आले, तरी सुटीच्या दिवशी मी तोच लावायची. ती शेजारी बसून शेंगा सोलत बघायची. एकदा म्हणाली, "तू त नुसती मारत सुटतं वं. त्याइचं घर तरी पाहू दे." मी कंट्रोलर तिच्या हातात दिला आणि तो मला पुढे क्वचितच परत मिळाला.

तिला सगळ्याचंच नवल. या लोकांनी गाव काऊन सोडलं? आकाशात दोन चंद्र, मग पुनव कोणती धरायची? यांच्या घरात चूल कुठं असते? मी तो गेम कितीदा तरी जिंकला होता, पण चुलीचं मला सांगता येईना. तिनं शोधली. कोपऱ्यात होती, वर भांडंही होतं.

मग डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. नजर हळूहळू जाणार होती. घरी आल्यावर तिनं आधी कंट्रोलर मागितला. म्हणाली, "त्या शेवटच्या ग्रहावर काय हाये, तेवढं मले माह्या डोयानं पाहाचं हाये. तू सांगू नको."

अडचण तिनंच करून ठेवली होती. यान उडायचं ते चमकत्या शेंगांवर. यानातल्या बागेत त्या पिकवायच्या आणि सगळ्या टाकीत ओतायच्या, असा नियम. मोठी आई दर वेळी मूठभर बाजूला काढायची. शेवटच्या ग्रहावर जायला टाकी काठोकाठ लागायची, आणि काटा शेवटच्या खुणेपर्यंत कधी पोचायचाच नाही.

"अवं मोठे आई, गेम आहे हा. टाक ना सगळ्या."

"अन् मंग पेरू काय?"

मला चीड यायची. नजर काही तिच्या पेरणीसाठी थांबणार नव्हती.

एका दुपारी तिनं यानातल्या बंदुका उचलून बाहेर ठेवायला सुरुवात केली. "पाहुनं जाऊन राह्यलो आपन. हे कायले?" सगळ्या काढल्यावर यान हलकं झालं आणि आहे तेवढ्या इंधनात उडालं. त्या शेवटच्या ग्रहावर केवढं जनावर बसलंय हे मला माहीत होतं. पण सांगायचं नाही असं ठरलं होतं.

उतरल्याबरोबर तिनं यानाशेजारी बी पेरलं, चार पावलं चालली, आणि जनावरानं तिला मारलं. गेमनं पुन्हा यानापाशी आणून सोडलं. मोठी आई खूश. "विहीर दिसली वं, बाई." पुढच्या खेपेला पायऱ्या दिसल्या, मग कमान. अशी मरत मरत ती तो ग्रह बघत राहिली.

पुढे पडदा तिला नुसता उजेडासारखा दिसू लागला. मग कंट्रोलर मी घेतला. ती विचारायची, "काय दिसून राह्यलं?" आणि मी सांगायची. सांगायचं म्हटल्यावर नीट बघावं लागतं. भिंतींना रंग होता, हे मला तेव्हा कळलं.

एकदा तिनं विचारलं, "शेंगा धरल्या का?"

मी मागे वळून पाहिलं. यानाशेजारी खरंच धरल्या होत्या.

"मूठभर ठेवजो," ती म्हणाली.

मोठी आई गेली. तिची मला फार आठवण येते. ऑफिसातल्या मैत्रिणी विचारतात, त्या जुनाट गेममध्ये अजून उरलंय काय? मी आता बंदुका काढूनच जाते आणि जनावर येईपर्यंत जे दिसेल ते मोठ्यानं सांगते, ऐकायला कोणी नसलं तरी. परवा कमानीच्या पलीकडे एक घर दिसलं, मी कधीच न पाहिलेलं. जनावराची पावलं मागे वाजत होती. मी कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि हाक दिली, "कोनी हाये का घरात?"