कॅराव्हॅनला पडवी

त्या कॅराव्हॅनबद्दल कोणाला सांगायचं नाही, ही माझी एकच अट होती. नवऱ्याने मान डोलावली होती. आता मला कळतं की त्याने मान डोलावली म्हणजे फक्त ऐकलं, एवढाच त्याचा अर्थ असतो.

आम्ही आखातात, अल मनखूलला राहतो. एक बेडरूम आणि एक हॉल. बेडरूम आमची, हॉल गावाचा. रत्नागिरीकडून आमच्या गावचा जो कोणी व्हिजिट व्हिसावर नोकरी शोधायला येतो, तो विमानतळावरून थेट आमच्या हॉलमध्ये येतो. नोकरी मिळेपर्यंत त्याची गादी तिथे, बॅग तिथे, चार्जर तिथे. एक गेला की दुसरा हजर. मी रोज हमरिया फ्री झोनमध्ये कामाला जाते, शारजाच्या ट्रॅफिकमधून तासन् तास परत येते आणि आल्यावर पाहुण्यांच्या भाकऱ्या थापते. रात्री पाणी प्यायला उठले तरी आधी ओढणी शोधावी लागते. मुलगी कॉलेजला जायच्या वयाची झाली, ती अजून कपाट आणि पलंग यांच्यामधल्या फटीत बसून अभ्यास करते.

यावर मी भांडले नाही असं नाही. दर वेळी नवऱ्याचं उत्तर ठरलेलं. "मी पण असाच कोणाच्या तरी हॉलमध्ये झोपून वर आलो ना?" हे खरं आहे. जबल अलीतली नोकरी लागेपर्यंत तो देरामध्ये गावच्याच एका कुटुंबाकडे राहिला होता. एकदा मी विचारलं, "त्या घरातल्या भाबीला कोणी विचारलं होतं का, तुम्हाला ठेवू का म्हणून?" त्याला तिचा चेहराच आठवेना. तिच्या हातचं सुरमईचं कालवण मात्र चांगलं आठवत होतं. त्या न पाहिलेल्या बाईच्या वतीने मला त्या दिवशी इतका संताप आला की मी ताट तसंच ठेवून उठले.

म्हणून कॅराव्हॅन. मायदेशी परत निघालेल्या एका गोऱ्या जोडप्याची होती, जुनी पण नीट ठेवलेली. आत एक मोठा पलंग, एक अरुंद बाक, दोन शेगड्या, एवढुसा फ्रिज. हिवाळ्याच्या सीझनपुरते इथे शहराबाहेर वाळवंटात प्लॉट मिळतात. उन्हाळा लागायच्या आत सगळं उचलून निघायचं. परमिटचा अर्ज मी ऑफिसमधून माझ्या नावावर भरला, कारण घरातले सगळे अर्ज मीच भरते. "ही तुझी," नवरा म्हणाला होता. "शनिवार-रविवार आपण तिघंच." मी ते शब्द मनात घट्ट धरून ठेवले. मला हवं होतं ते फार नव्हतं. जिथे दुसऱ्या कोणाचं अंथरूण नाही, अशी एक जागा.

लावायचं काम मी आणि मुलीने केलं. नवरा गाडी मागे घेत होता आणि आम्ही दोघी ओरडत होतो. कॅराव्हॅन उभी केली म्हणजे झालं असं नसतं. आधी ती समतल करावी लागते, नाहीतर फ्रिज धड चालत नाही आणि झोपताना रक्त डोक्याकडे उतरतं. आम्ही खालच्या बाजूच्या चाकापुढे फळी टाकली, गाडी हातभर पुढे घेतली, तरी लेव्हल बघायच्या नळीतला बुडबुडा एका कडेलाच चिकटलेला. "मम्मी, लेफ्ट साइड इज स्टिल लो," मुलगी वाळूत पालथी पडून सांगत होती. दुसरी फळी टाकली. मग चाकांना ठोकळे, मग गाडीचा हूक सोडवला, पुढचं छोटं चाक फिरवून नाक खाली घेतलं आणि शेवटी चारही कोपऱ्यांचे पाय टेकवले. पायांखाली पाट ठेवले, कारण वाळू पाय गिळते. बुडबुडा मधोमध आला तेव्हा आम्ही दोघी टाळ्या पिटत उड्या मारल्या. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा चांगल्या अर्थाने पटलं.

त्या दुपारी मी ओढणी काढून खुंटीला लावली आणि खिडकीजवळ आडवी झाले. डोळे मिटले. कोणी "भाबी, चहा आहे का?" म्हटलं नाही. मला वाटतं, लग्नानंतर मी अशी दिवसाढवळ्या झोपले ती तेव्हाच.

पुढच्या शनिवारी माझी अर्ध्या दिवसाची ड्युटी होती. मुलीला क्लासवरून घेतलं आणि आम्ही दोघी थेट प्लॉटवर गेलो. लांबूनच मला वाटलं की आपण रस्ता चुकलो.

कॅराव्हॅनची चाकं काढलेली होती. ती सिमेंटच्या ब्लॉकवर उभी होती. आमच्या गावी पावसाळ्याआधी होड्या वर ओढून ठोकळ्यांवर ठेवतात, अगदी तशी. आणि तिच्यापुढे पडवी होती. खरीखुरी पडवी. लोखंडी पाइपचे खांब, वर पत्रा, खाली ब्लॉक रचून वर सिमेंट फिरवलेला ओटा, कडेला बसायला कट्टासुद्धा. सिमेंट अजून ओलं होतं. गावची डझनभर माणसं हात धुऊन चटईवर बसली होती आणि माझ्या नवऱ्याच्या चेहऱ्यावर बारशाचे पेढे वाटणाऱ्या माणसासारखं हसू होतं.

"फक्त भाईजानला सांगितलं होतं," तो पुटपुटला.

भाईजान म्हणजे त्याचा थोरला चुलत भाऊ. उंटावरचा शहाणा ही म्हण ज्याने काढली, त्याने आमच्या भाईजानला आधी पाहिलं असणार. आणि हा तर उंटांच्याच देशात राहतो. भाईजानला सांगणं म्हणजे गावच्या जमातीच्या ग्रुपवर टाकणं. आमची माणसं पोर्टमध्ये माल बांधतात, पाइप जोडतात, वेल्डिंग करतात. त्यांच्या हातात कला आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्यांना मोकळी जागा दाखवली की ती गाव बांधून मोकळी होतात.

"भाबी, पडवीशिवाय घर कसलं?" भाईजान म्हणाला. "पाहुणा बसणार कुठे?"

"आणि चाकं?"

"चार महिने हलवायची आहे का? वाळूत टायर खराब होतात. पॅक करून ठेवले, टेन्शन नको."

मुलीने माझा दंड धरला होता. "दिस इज सो नॉट ओके," ती हळूच म्हणाली. मी आत गेले. आत माझ्या पलंगावर भाईजानचं जॅकेट, तीन हेल्मेट आणि कोणाचा तरी डबा होता. आणि बाहेरून हाक आली, "भाबी, बिर्याणीचा मसाला आणलाय, कांदा तेवढा चिरून द्याल?"

मी कांदा चिरला. याचा राग मला आजही आहे. बाकी कशाहूनही जास्त मला त्या कांद्याचा राग आहे.

त्यानंतर प्रत्येक सुट्टीला तेच. बिर्याणीची डेग चढायची, चटया पसरायच्या, हॉलमधली मुलं इथे यायची आणि त्यांच्यासोबत त्यांचे मित्र. रात्री बाहेर दव पडतं म्हणून दोघे-तिघे आत झोपायचे. भाईजानला कमरेचा त्रास, म्हणून मोठा पलंग त्याला. आम्ही मायलेकी बाकावर एकमेकींच्या पायांशी डोकी करून. नवऱ्याला मी रोज सांगत होते. "इन्शाल्ला, पुढच्या आठवड्यात बघू," तो म्हणायचा. वाईट माणूस नाही तो. कोणाला नाही म्हणताना त्याची जीभ टाळूला चिकटते, आणि मला नाही म्हणताना मात्र ती सुरळीत चालते.

मग प्लॉट देणाऱ्या कॅम्पचा सुपरवायझर आला. पिकअपमधून उतरला, पडवीभोवती एक फेरी मारली, ओट्यावर बुटाने टकटक केलं आणि विचारलं, "परमिट किसके नाम पे है?"

सगळ्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी हात पुसत पुढे गेले.

"मॅडम, ये नहीं चलेगा," तो म्हणाला. वाळूत पक्कं काही बांधायचं नाही आणि गाडी कधीही ओढून नेता आली पाहिजे, हे नियम त्याने मला समजावून सांगितले. जणू मला ते माहीत नव्हते. आवाज मात्र त्याने चढवला नाही. "आज ही तोड़ दो. या तो ग्रुप कॅम्प में शिफ्ट हो जाओ. उधर ये सब अलाउड है, लेकिन कॅराव्हॅन नहीं. आपका परमिट है, आप बोलो."

"ग्रुप कॅम्पच घेऊ!" भाईजान लगेच म्हणाला. "कॅराव्हॅन विकून टाकू, दोन मोठे तंबू लावू. जागा वाढेल. खलास!"

माना डोलल्या. माझ्या नवऱ्याचीही डोलली. तेवढ्यात त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान थांबवली, पण मी पाहिलं होतं.

"तू जरा भाईजानशी बोल आधी," तो माझ्याजवळ येऊन म्हणाला.

"मला विचारलंय," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. मग मी सुपरवायझरकडे वळून म्हणाले, "तोड़ेंगे. अभी. यल्ला, चलो."

कोणी हललं नाही. मी ओट्यावर पडलेला हातोडा घेतला आणि कट्ट्याच्या कडेवर घातला. मला काही बांधकाम मोडता येत नाही, एक टवका तेवढा उडाला. पण तो आवाज झाल्यावर माणसं उठली. ज्या हातांनी बांधली होती त्याच हातांनी त्यांनी पडवी उतरवली. चाकं परत चढली. पिकअप भरताना भाईजान सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाई शिकली, पगार घ्यायला लागली, की गाव तिला नको होतं." मी त्याला म्हटलं, "गावाला मी वीस वर्षं जेवू घातलंय, भाईजान. हिशोब काढायला लावू नका." नवरा खाली मान घालून खांब मोजत बसला होता. त्याने भाईजानची बाजू घेतली नाही, माझीही नाही.

संध्याकाळच्या आत बातमी गावी पोचली. सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. "घर मोडलंस म्हणे तू?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "पडवी मोडली, आम्मा. घर आता उभं आहे." त्यांनी फोन ठेवला. नवरा त्या दिवशी भाईजानच्या गाडीतून परत गेला आणि नंतरच्या सुट्ट्यांना आलाच नाही. घरात आम्ही मीठ-मिरचीपुरतं बोलायचो. हॉल भरलेलाच होता.

मी आणि मुलगी मात्र दर शनिवारी जात राहिलो. सुखाने गेलो असं म्हणणार नाही. बाजूच्या प्लॉटवर कुटुंबं एकत्र बसून मांस भाजायची, त्यांची मुलं सायकली फिरवायची आणि मला वाटायचं, आपण काय मिळवलं? एका पलंगासाठी मला सगळी माणसं का गमवावी लागली? पुरुषाला एकांत हवा तर तो थकलेला असतो. बाईला हवा तर ती माजलेली असते. हे मला कोणी समजावून सांगावं. मी पलंगावर पडून छताकडे बघत चिडत राहायचे. पण माझ्या पलंगावर पडून चिडायचे, हेही खरं.

अशाच एका शनिवारी दुपारी दारावर टकटक झाली. खिडकीतून पाहिलं तर नवरा उभा होता. हातात डाळिंबांची पिशवी, केस नीट विंचरलेले.

"आत येऊ का?" त्याने विचारलं.

हा प्रश्न मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मी उठून बसले, केस सारखे केले.

"एकटेच आलात?" मी आतूनच विचारलं.

"हो, एकटाच." मग थोडं थांबून, "म्हणजे, गाडीत दोघं आहेत. कालच आलेत गावाहून. ते नाही येणार आत, बाहेरच बसतील. फक्त चहा…"

मी काही बोलायच्या आत माझ्या मागे खळखळ झाली. वळून पाहिलं. मुलगी बाकावरून उठली होती. तिच्या एका कानात अजून हेडफोन होता, नजर अजून मोबाईलवर होती. एका हाताने तिने चहाचं भांडं नळाखाली धरलं होतं. कोणी तिला सांगितलं नव्हतं. चहा हा शब्द ऐकला आणि तिचा हात आपोआप तिकडे गेला होता.

गावाचा, भाईजानचा, नवऱ्याचा मला आजवर आलेला सगळा राग त्या एका क्षणापुढे काहीच नव्हता.

"ठेव ते खाली," मी म्हणाले, आणि ती ठेवीपर्यंत तिच्याकडे बघत राहिले.