डोंगरावरची वॉटर परेड

त्या मे महिन्यात आमची कंपनी राजस्थानात, सरहद्दीला लागून होती. गावाचं नाव सांगत नाही. चारी बाजूंना वाळू आणि मध्ये उघड्या खडकाचा एक डोंगर. झाड नाही, वाट नाही, पाणी नाही. माथ्यावर आमचा रेडिओ रिपीटर होता. तो बंद पडला आणि पलीकडच्या दोन पोस्टशी बोलणं तुटलं. हेलिकॉप्टर उतरायला माथ्यावर जागा नव्हती. नवी बॅटरी पाठीवर घेऊनच चढायचं होतं.

सहा जणांची पार्टी ठरली. मी हवालदार, पार्टी कमांडर. सिग्नलचा थॉमस, केरळचा. तीन हरियाणाचे जवान. आणि नाईक बिरा, आपल्या नातेपुत्याकडचा. मी कुंभारीचा. पलटणीत सोलापूर जिल्ह्यातले आम्ही दोघंच, त्यामुळे जेवायला बसायचं ते शेजारी शेजारी.

संध्याकाळी सातला ब्रीफिंग झालं. मेजरसाहेब मला म्हणाले, "हर बीस मिनट पे वॉटर परेड. एक एक आदमी का घूँट देखना. समझे?"

"जी साब."

वॉटर परेड म्हणजे शिट्टी वाजली की सगळ्यांनी थांबून पाणी प्यायचं. तहान असो नसो, तो हुकूम असतो. माणशी सहा लिटर मिळालं. बाहेर आल्यावर मी बिराला म्हणालो, "सोलापूरच्या माणसाला ऊन शिकवायला लागले की रं हे."

"शिकवू द्या की. आपल्याला काय नवं हाय का त्ये?" तो म्हणाला. आम्ही दोघंही हसलो. ते हसणं आठवलं की आज माझी मला शरम वाटते.

पहाटे साडेचारला निघालो. बॅटरी बिराने मागून घेतली. आठपर्यंत माथा गाठायचा, दहाच्या आत खाली यायचं, असा हिशेब होता. नकाशावर जी धार सरळ दिसत होती, ती मध्ये तुटलेली निघाली. मागे फिरलो, नाल्यातून वळसा घेतला. त्यात दोन तास गेले. साडेनऊला खडकाला हात लावला की चटका बसत होता.

मी शिट्टी वाजवत होतो. सगळे पीत होते. बिरा बाटली तोंडाला लावायचा, मान वर करायचा, बूच लावायचा. त्याच्या गळ्याची घाटी हलत नव्हती. मी हे पहिल्या तासातच पाहिलं. पाहिलं आणि गप्प बसलो.

का गप्प बसलो, ते सांगतो. बिरा मेंढरांमागं वाढलेला. त्यांची रीत अशी, की सकाळी तळावरून निघताना पोटभर पाणी प्यायचं आणि मग मेंढरं पाण्यावर जाईपर्यंत थेंब घ्यायचा नाही. चालताना प्यायलं की पाय जड होतात म्हणतात. आमच्या शेतावरही कामाच्या मध्ये सारखं पाणी मागणाऱ्याला नाजूक समजायचे. मला बिराचा अभिमान वाटला. हरियाणाच्या पोरांना मी सांगितलंही, "देखो, ये हमारे सोलापूर का ऊंट है." बिरा ओठ फाकवून हसला. ओठ फुटले होते.

दहा चाळीसला माथ्यावर पोचलो. थॉमसने अकरा वीसला संपर्क लावला. काम फत्ते झालं. सावली टीचभर नव्हती, म्हणून उतरायला लागलो. गप्प बसण्यासारखाच हा निर्णयही माझाच.

साडेबाराला बिरा थांबला. रिकाम्या उताराकडे बघून त्याने जीभ टाळूला लावून आवाज काढला, मेंढरं वळवतात तसा.

"बिरा, काय झालं?"

"मागं ऱ्हायली की दोन," तो म्हणाला. "तितं, खाली."

मी त्याचा हात धरला. तव्यासारखा तापलेला. अंगावर घामाचा टिपूस नाही. मग तो गुडघ्यावर बसला आणि आडवा झाला. बूट सोडले, शर्ट काढला, बरसातीचं कापड वर धरून सावली केली. पाणी ओतायला त्याची पिशवी उघडली. सहाच्या सहा लिटर भरलेलं होतं. थॉमस माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्याकडे बघू शकलो नाही.

मी खाली कंपनीला रेडिओवर सांगितलं, "एक कॅज्युअल्टी. हीट स्ट्रोक. बेहोश. ओव्हर."

"उसे नीचे ला सकते हो? ओव्हर."

"ला रहे हैं. ओव्हर."

त्याचंच पाणी त्याच्या अंगावर ओतत आम्ही त्याला आळीपाळीने पाठीवर घेतलं. तीन दहाला पायथा आला. ॲम्ब्युलन्स उभी होती, सलाईन लागलं. चार वाजून पाच मिनिटांनी तो गेला. वय एकतीस.

चौकशीत मी सगळं खरं सांगितलं. शिक्षा झाली ती कमीच झाली. निवृत्त होऊन कुंभारीला आलो, तरी एक काम राहिलं होतं. त्याच्या घरी कळवलं होतं ते एवढंच, की ड्युटीवर ऊन लागून गेला.

गेल्या वर्षी नातेपुत्याला उतरलो आणि त्यांच्या वस्तीवर गेलो. बिराचे वडील, आबा, दारात घोंगडीवर बसले होते. मी ओळख सांगितली, चहा झाला. मग त्यांनीच विचारलं, "सायेब, पानी न्हवतं का तितं?"

"होतं, आबा. भरपूर होतं."

"मग?"

"पीत नव्हता. मला दिसत होतं. मी बोललो नाही. चूक माझी हाय."

मला वाटलं, म्हातारा शिव्या देईल. मी शिव्या खायलाच गेलो होतो. आबा हळू आवाजात म्हणाले, "ल्हान हुता तवा एकदा चालता चालता पानी प्याला. म्या काटी मारली हुती त्याला."

मी म्हणालो, "आबा, तुमचं काही नाही त्यात. हुकूम माझा होता." दोनदा म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही. ते आपल्या उजव्या हाताकडे बघत बसले.